सगळे किमानच घेतात

आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया लाइनवर थांबा.

मग पियानो. तोच तुकडा, मध्येच कापलेला, पुन्हा पहिल्यापासून.

हा पियानो तुम्हीही ऐकला आहे. वीज, गॅस, बँक, विमा, खातं कोणतंही असो, नागरिक म्हणून आपल्या आयुष्याचा बराच भाग या पियानोच्या तालावर गेला आहे. तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन स्पीकरवर टाकून, कपाळ तळहातांत धरून बसलेला हा माणूस तुम्हाला परका वाटणार नाही. धंद्याने तो गादीवाला. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा शिवतो. त्याने एक जुनी मोटारबोट घेतली होती. बोट स्वस्तात पडली, पण तिचे लाड नाकापेक्षा मोती जड असे. आतल्या गाद्या मात्र त्याने स्वतः शिवल्या होत्या. निळ्या, दुहेरी शिलाईच्या, पाणी पडलं तर घरंगळून जावं अशा. त्या गाद्यांवर बसताना लोकांनी आधी हात पुसावेत असं त्याला मनापासून वाटे.

येत्या रविवारी तलावावर बोटींचा हंगाम सुरू होत होता. त्याने फेरफटक्याला पाहुणे बोलावले होते. बायकोच्या ऑफिसातली दोघं, आणि मुख्य म्हणजे तळ्याकाठच्या हॉटेलची मॅनेजरीणबाई. तिच्या हॉटेलातल्या सगळ्या खुर्च्या नव्याने शिवायच्या होत्या. बाईने निळ्या गाद्यांवर एकदा बसावं, म्हणजे काम आपलंच, असा त्याचा हिशेब. आणि सोमवारी विम्याचं नूतनीकरण होतं, म्हणून आज हा फोन.

पहिल्यांदा लागला तो भलतीकडेच.

"गाडीचा नंबर सांगा."

"गाडी नाही हो, बोट."

"गाडी बोटीवर आहे का?"

"बोटीवर काही नाही. नुसती बोट आहे. पाण्यात चालते."

"मग आपण चुकीच्या विभागात आला आहात, सर."

आणि पियानो.

"यांच्या विभागांना आग लागो," गादीवाला म्हणाला.

"त्याचाही विमा असेल त्यांचा," त्याचा मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ. माल पोहोचवायची व्हॅन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी बहिणीच्या डब्यातली बिस्किटं संपवायचा.

बायको टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शर्टाला इस्त्री करत होती. "अहो, पण बदलायचंय काय नेमकं? मागच्या वर्षीचाच विमा पुढे चालू द्या की."

"तुला सांगतो. विम्याचे दोन भाग. एक आपल्या बोटीचं काही झालं तर. दुसरा, आपल्या बोटीने दुसऱ्याचं काही केलं तर. आता मागच्या वर्षी गाद्या नव्हत्या. त्या पहिल्या भागात घालायच्या, तर हप्ता वाढतो. म्हणून दुसरा भाग खाली आणायचा. धक्क्यावरच्या ऑफिसला परवान्यासाठी लागतो तेवढा किमान. हप्ता तेवढाच, आणि गाद्या सुरक्षित."

"वा," खिडकीशी बसलेली आत्या म्हणाली. "म्हणजे गाद्यांना विमा आणि माणसांना रामराम."

आत्या त्याच्या वडिलांची बहीण. उजवा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवून बसलेली. तो पाय वाकत नसे. शिवण त्याने तिच्याकडूनच शिकली होती. तिची पायाची मशीन होती, तीन गल्ल्यांचे कपडे तिच्यावर शिवले जायचे. पाय गेला, मशीनही गेली.

"आत्या, सगळे किमानच घेतात. धक्क्यावर कोणालाही विचार. बोट केवढी ती? चार माणसं बसली की पाचव्याने पाय कुठे ठेवायचा ते विचारावं लागतं. ती कोणाचं काय वाकडं करणार?"

"काडीपेटीची किंमत बघून आगीचा अंदाज बांधतोस का रे, राजा?"

"आत्या," मेहुणा म्हणाला, "तुम्ही विमा कंपनीत का नाही लागलात? एजंट म्हणून शोभला असतात."

"लागले असते. ऑफिस वरच्या मजल्यावर होतं त्यांचं."

मेहुणा हसायला लागला, मग त्याने बिस्कीट तोंडात कोंबलं.

आपण प्रतीक्षा करत आहात याबद्दल आम्ही आभारी आहोत. आपला कॉल—

"आभारी कसले," गादीवाला फोनवर ओरडला. "माणूस द्या. एक जिवंत माणूस."

"तापू नका हो," बायको म्हणाली. "इस्त्री माझ्या हातात आहे, तापायचं काम ती करतेय."

पण त्याचा पारा उतरेना. तो फोनमुळेच चढलाय असं तो स्वतःला सांगत होता. मेहुण्याने वातावरण हलकं करायचं ठरवलं. हलकं करायला गेला आणि हात दाखवून अवलक्षण झालं.

"ताई, तुला कालची गंमत सांगितली का यांनी? ट्रायल घ्यायला गेलो होतो ना बोटीची. भावजी म्हणाले, मॅनेजरीणबाईंना पाठवायला गाद्यांचा व्हिडिओ काढतो, तू चालव. मी चालवतोय. समोर पाण्यात लाल काहीतरी. मला वाटलं, पोरांचा चेंडू वाहत आलाय. बाजूने गेलो, तर चेंडूने आईवरून शिवी दिली."

बायको हसली. इस्त्री उचलली. मग हसू थांबलं.

"पोहणारा होता?"

"टोपी होती त्याची. लाल."

"पोहणारे लाल टोपी घालतात," आत्या म्हणाली, "ती लोकांना दिसावी म्हणूनच घालतात. किती जवळून गेलास?"

"गेलो ना बाजूने."

"किती जवळून, ते विचारलं मी."

मेहुण्याने दोन्ही हात पसरून अंतर दाखवलं. आत्या बघत राहिली. त्याने हात थोडे जवळ आणले. मग आणखी थोडे. शेवटी तो हातांकडेच बघत बसला.

"मी बघत नव्हतो," गादीवाला म्हणाला. "मी व्हिडिओ काढत होतो. पण काही झालं का? नाही झालं ना? मग का उगाळायचं? सकाळपासून इथे डोक्याची मंडई झालीय, त्यात तुम्ही—"

"तुला तो बँकवाला आठवतो?" आत्या म्हणाली.

बँकवाला कसा आठवणार नाही? घरात त्या माणसाचं नाव कोणी घेत नसे. धक्क्याच्या खालच्या पायरीवर आत्या मैत्रिणीच्या होडीचा दोर बांधत होती, आणि या बँकवाल्याची बोट वळणावर न आवरता येऊन तिचा पाय दगडाला चेपून गेली होती. गादीवाला तेव्हा शाळेत होता. मोठेपणी त्याला गाठून दोन ठेवून द्यायच्या, असं त्याने अनेक वर्षं मनाशी धरलं होतं.

"बिनविम्याचा हलकट," तो म्हणाला.

"विमा होता त्याच्याकडे."

"काय?"

"होता रे. धक्क्याच्या ऑफिसला दाखवण्यापुरता. पहिल्या ऑपरेशनलाच संपला. मग त्याने बोट विकली, त्या पैशांत दुसरं ऑपरेशन झालं. तिसरं राहिलं ते राहिलंच. दर आठवड्याला यायचा, तू शाळेत असताना, फळं घेऊन. तिथे, त्या दाराशी बसायचा आणि रडायचा. मीच लंगडत जाऊन त्याला पाणी आणून द्यायचे." आत्याने पाय हाताने उचलून जरा हलवला. "मला त्याचं रडणं नको होतं. मला तिसरं ऑपरेशन हवं होतं. दाराला उतार हवा होता, व्यायाम करून घेणारी बाई हवी होती. या कशालाच रडणं चालत नाही. तू त्याला हलकट म्हणतोस. तो चांगला माणूस होता, राजा. अगदी तुझ्यासारखा. बोटीच्या पितळी कड्या स्वतः घासायचा."

पियानो अजून चालूच होता, आणि त्या क्षणी तो इतका बेशरम वाटला की बायकोने आवाज कमी केला.

गादीवाल्याला राग आला होता. पण आता तो कोणावर काढावा हे कळेना. कंपनीवर काढून झाला होता. मेहुण्यावर काढावा, तर तो आधीच मान खाली घालून बसलेला. आत्यावर काढायची सोय नव्हती. इतकी वर्षं ज्याच्यावर काढला, तो बँकवाला तर एकाएकी ओळखीचा निघाला होता.

"नमस्कार, जलवाहन विभाग. बोला." एका मुलीचा थकलेला आवाज.

गादीवाला दचकला. बायकोने फोन त्याच्यापुढे सरकवला.

"मला... आमच्या बोटीचं नूतनीकरण आहे. त्यात बदल करायचाय."

"हो सर. आपलं तृतीय पक्ष दायित्व मागच्या वर्षीइतकंच ठेवायचं का?"

"मराठीत सांगा हो."

"थर्ड पार्टी, सर."

"हां. त्याचंच विचारायचंय." त्याने फोन जवळ ओढला. "समजा, माझ्या बोटीने एखाद्या पोहणाऱ्याला धडक दिली. तर त्यात तो येतो का?"

"येतो सर. पोहणारे, दुसऱ्या बोटी, धक्क्याचं नुकसान, डिझेल सांडलं तर ते. पण मर्यादेपर्यंतच. त्याच्या वर जे जाईल ते आपलं आपण."

"आणि आमच्या बोटीत बसलेले पाहुणे?"

"त्यांचा भाग वेगळा असतो, सर. आपण तो घेतलेला नाही."

बायकोने इस्त्री बंद केली.

"आणि मी चालवत नसलो तर? म्हणजे घरातलंच कोणी चालवत असेल, मेहुणा समजा."

टकटक आवाज. "चालक म्हणून फक्त आपलीच नोंद आहे, सर. दुसरं कोणी चालवत असताना काही झालं, तर या पॉलिसीत काहीच मिळणार नाही."

"काहीच म्हणजे?"

"काहीच नाही, सर."

काहीच नाही! म्हणजे काल त्या तलावात, त्या लाल टोपीच्या आणि यांच्या बोटीच्या मध्ये, मेहुण्याच्या दोन हातांमधल्या अंतराखेरीज दुसरं काहीही नव्हतं. मेहुण्याने बिस्किटांचा डबा बंद केला आणि तो हलक्या हाताने लांब सरकवला, जसं काही त्यालाही धक्का लागेल.

"मग असं करा," गादीवाला म्हणाला. "गाद्यांचं राहू द्या. गाद्या मी पुन्हा शिवेन. थर्ड पार्टी वाढवा. पाहुण्यांचा भाग घाला. मेहुण्याचं नाव घाला."

"सर, किमान मर्यादेतही आपली पॉलिसी धक्क्यावर चालेल. सगळे किमानच घेतात."

"माहीत आहे. मीही तेच म्हणत होतो, आत्ता, तुम्ही फोन उचलायच्या आधी. एखाद्याचा पाय गेला, तर किमानात काय काय बसतं, ते सांगाल का?"

मुलीचा आवाज बदलला, म्हणजे कागद वाचणं थांबलं आणि ती बोलायला लागली. "फारसं नाही बसत, सर. माझ्याकडे असे फोन येतात नंतर. दोन्ही बाजूंचे येतात. तुम्ही सर्वांत वरची मर्यादा विचारून घ्या. किमानातून वर जाताना हप्ता जितका वाढेल असं लोकांना वाटतं, तितका वाढत नाही."

तिने आकडा सांगितला. गादीवाल्याने डोळे मिटले, उघडले, हो म्हणाला.

"फक्त एक, सर. हे सगळं सोमवारपासून लागू. तोपर्यंत जुनंच."

फोन बंद झाला.

"रविवार," बायको म्हणाली.

"रविवार रद्द."

"अहो, एवढ्या लोकांना बोलावलंय. ती मॅनेजरीणबाई दुसऱ्या कोणाला काम देऊन मोकळी होईल. तुम्ही स्वतः चालवा, हळू चालवा. एका रविवारी काय होतंय?"

"एकाच रविवारी होतं," गादीवाला म्हणाला. आत्याकडे त्याने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

बायकोने शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

त्याने मॅनेजरीणबाईंना फोन केला. बोट तयार आहे, पण विमा पुरेसा नाही, म्हणून तुम्हाला बसवणार नाही, असं सरळ सांगितलं. "अहो, तासाभराचा तर फेरफटका," त्या म्हणाल्या. "विम्याचं काय एवढं? बरं, खुर्च्यांचं बघते नंतर." ते 'बघते' म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याने फोन ठेवला आणि बराच वेळ दात आवळून बसला. शहाणपण सुचलं की लगेच बरं वाटतं, असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

"चिडलास?" आत्याने विचारलं.

"हो."

"चिड. चिडलेला परवडतो. रडणारा नाही परवडत."

मेहुणा उठला. बोटीची किल्ली अजून त्याच्याच खिशात होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मी तळ्यावर जाऊन येतो. तो माणूस रोज त्याच वेळेला पोहायला येतो म्हणतात. माफी मागायला हवी."

"तो पुन्हा शिवी देईल," गादीवाला म्हणाला.

"देऊ दे."

"थांब. मीही येतो."

तर मंडळी, बोट आपल्याकडे नाही म्हणून कोणी सुटकेचा निःश्वास सोडू नये. आपल्या प्रत्येकाकडे काहीतरी असतं, जे चालतं, वळतं, पडतं, किंवा वेळेवर थांबत नाही. त्याचा विमा काढताना ती वस्तू केवढ्याची हे आपण बरोबर बघतो. तिच्या वाटेत कोण कोण येऊ शकतं, ती कोणाच्या हातात देणार आहोत, तिच्यात कोण बसणार आहे, हे बघायला विसरतो. पश्चात्तापाला हप्ता लागत नाही, तो प्रत्येक भल्या माणसाला होतोच, पण त्याने कोणाचं मोडलेलं हाड जुळत नाही. कायद्याला किती पुरतं ते ऑफिस सांगतं. समोरच्या माणसाला किती पुरेल, हे मात्र आपणच, आणि आधीच, विचारायचं असतं.