डाव्या मनगटावरचं घड्याळ

टेलरबाईंच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ तीस वर्षांत एकदाही बंद पडलं नव्हतं. त्याला सेल नव्हता आणि रोज चावी द्यायची भानगडही नव्हती. हात हलला की आतलं अर्धचंद्रासारखं वजन फिरायचं, वजन फिरलं की स्प्रिंग गुंडाळली जायची. आणि बाईंचा डावा हात तर दिवसभर मशीनवर कापड सरकवत असायचा. उजवा हात नुसता मिरवतो, टीप सरळ पडते ती डाव्यामुळे, असं त्या शिकायला येणाऱ्या मुलींना बजावत.

मग एका सकाळी एका ब्लाउजची बाही लावता लावता कापड हातातून निसटलं ते निसटलंच. डावी बाजू लुळी पडली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बाईंनी मनगटाकडे बघितलं, तर घड्याळ सव्वाचारवर थांबलेलं.

महिन्याभरात पाय ताळ्यावर आला. हात मात्र गळ्यातल्या झोळीत पाहुण्यासारखा बसून राहिला.

मुलगा भेटायला आला तो नवं क्वार्ट्झ घड्याळ घेऊनच. "आई, महिन्यात दहा-पंधरा सेकंदांच्या वर फरक पडणार नाही. दोन-तीन वर्षं सेलकडे बघायला नको. ते जुनं खटारं आता टाकून दे."

बाईंनी ते उजव्या हातावर बांधून घेतलं. घड्याळ खरंच देखणं होतं. त्याचा सेकंदकाटा एकेक उडी मारून कवायतीतल्या पोरासारखा ताठ उभा राहायचा. जुन्याचा काटा कसा पाण्यासारखा सरकत जायचा.

"मी झोपले तरी हे चालतं, उठले तरी चालतं," त्या नणंदेला म्हणाल्या. "माझ्याशी याला काही देणंघेणंच नाही, वन्सं."

"मग काय घड्याळाने तुझी विचारपूस करायची?" वन्सं म्हणाल्या. दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे एकमेकींना टोचून बोलायला त्यांना कारण लागत नसे.

निघताना मुलगा चप्पल घालत सहज बोलावं तसं बोलला, "दुकानासाठी एक मोबाइलवाला विचारतोय. पहिल्या तारखेला त्याला किल्ली देऊन टाकू. मशीनला कोणी ना कोणी मिळेलच."

दुसऱ्या दिवशी बाई वन्संना आणि जुनं घड्याळ बरोबर घेऊन रिक्षाने थेट घड्याळजीकडे गेल्या. त्याची टपरी त्यांच्या दुकानाला लागूनच होती. सगळा रस्ता त्याला 'सेलवाला' म्हणायचा, कारण हल्ली लोक त्याच्याकडे सेल बदलण्यापलीकडे कशाला येतच नसत. हे नाव त्याला मनातून झोंबायचं.

त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं. आत बघून फुंकर घातली, झाकण लावलं आणि घड्याळ चार वेळा हेलकावलं. लगेच टिकटिक सुरू.

"टेलरबाई, याला काही धाड भरलेली नाही."

"मग बंद कसं पडलं?"

त्याने भिंग काढलं. "घड्याळ नाही हो बंद पडलं. तुमचा हात बंद पडला."

डॉक्टरांनी एवढ्या कागदांवर लिहूनही जे बाईंच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते या माणसाने एका दमात सांगितलं. खरं तर रडू यायला हवं होतं. बाईंना आलं हसू.

"भाऊ, बांधा मग परत. डाव्यावरच बांधा."

तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला. "पहिल्या तारखेला सकाळी ये. आदल्या दिवशी हे घड्याळ माझ्या डाव्या हातावर असेल. थांबलेलंच बांधीन, त्या हातानेच ते चालवायचं. झोपताना काढून टेबलावर ठेवीन. सकाळी चालू दिसलं तर दुकान माझं. बंद असलं तर तूच किल्ली दे त्या मोबाइलवाल्याला."

"आई, हा काय पोरखेळ?"

"पोरखेळच आहे. पण खेळणार मी आहे."

हातात एक महिना होता. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येऊन रबरी चेंडू दाबायला लावायची. पहिल्या दिवशी हातातून काढल्यावर घड्याळ अकरा मिनिटं चाललं. ते किती वेळ चाललं हे मोजायला उजव्या हातावरचं होतंच. तेवढं काम नवं घड्याळ बिनचूक करायचं. मग जुन्याचा अर्धा तास झाला, दोन तास झाले. तिसऱ्या आठवड्यात तर ते पहाटेपर्यंत चालू राहिलं. बाईंनी आरशात बघून स्वतःलाच शाबासकी दिली.

मग बाईंना ताप आला. दिवसभर त्या पडून होत्या, हात उशीवरून हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी उठून बघतात तर घड्याळ मजेत चालू.

"वन्सं," बाईंनी हाक मारली. "इकडे या. माझ्याकडे बघा."

वन्सं आल्या, पण खिडकीकडे बघत राहिल्या.

"काय केलंत?"

"काय करणार! दुपारी तुझा डोळा लागला की काढायचे हळूच, आणि औषधाची बाटली हलवतात ना, तसं हलवायचे जरा." त्या खिडकीची कडी चाळवत राहिल्या. "ते बंद पडलं की तुझं तोंड एवढंसं व्हायचं, वहिनी. मला बघवेना."

"म्हणजे इतके दिवस तुमचा हात सुधारत होता!"

वन्संना हसावं की रडावं कळेना. बाईंनी मात्र कॅलेंडरवर दिवस मोजले. पहिल्या तारखेला नऊ दिवस उरले होते आणि हात खरोखर किती चालतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी फक्त आपल्या हाताने चालवून बघितलं, तर पाऊण तासात घड्याळाने मान टाकली.

पाऊण तास तर पाऊण तास. निदान तो आपला होता.

बाईंनी चेंडू कोपऱ्यात टाकला. "हा हात चेंडू दाबून मोठा झालेला नाही," त्या म्हणाल्या. वन्संना त्यांनी दुकानाचं शटर उघडायला लावलं, एक जुनी चादर मशीनवर घातली, कापड धरणारी पट्टी खाली केली आणि पायडलवर पाय ठेवला. सुईत दोरा लाल होता, चुका लांबूनही दिसाव्यात म्हणून.

पहिली टीप दारू प्यायल्यासारखी गेली. दुसरी चादर सोडून बाहेरच पळाली. शेजारून सेलवाला ओरडला, "टेलरबाई, नदीचा नकाशा काढताय का?"

"तुम्ही सेल बदला!" बाई ओरडल्या, आणि त्या झटक्यात त्यांचा डावा पंजा कापडावर घट्ट बसला. त्यांनी तो तसाच दाबून धरला. चादर बोटभर पुढे सरकली. उजव्या हाताने नव्हे.

त्यानंतर रोज सकाळी नऊला शटर वर आणि संध्याकाळी सहाला खाली. पाठ दुखायची, खांदा भरून यायचा. वन्सं तेल चोळायच्या आणि घड्याळाला बोटही लावायच्या नाहीत. ते उचलून द्यायची वेळ आली तर हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. आठव्या दिवशी चादरीवरची लाल टीप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. थोडी लचकत गेली, पण गेली.

पहिल्या तारखेला मुलगा आला तेव्हा घड्याळ टेबलावर पालथं होतं. सेलवालाही टपरी सोडून आला होता. वन्संनी शपथेवर सांगितलं की रात्री नवापासून त्याला कोणी शिवलेलं नाही.

"तूच बघ," बाई मुलाला म्हणाल्या. "पण हलवू नकोस. कान लाव."

मुलाने वाकून कान टेबलापाशी नेला. बराच वेळ तसाच राहिला. त्याच्या लहानपणी बाई त्याला डाव्या हातावर घेऊन झोपवत, तेव्हा हीच टिकटिक त्याच्या कानाशी असायची. सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"चालू आहे," तो म्हणाला. मग ते सुलटं करून आपल्या घड्याळाशी ताडून बघितल्याशिवाय त्यालाही राहवलं नाही. "दोन मिनिटं मागे आहे गं आई."

"असू दे. रात्रभर चाललंय बिचारं."

"अहो, चालणारच!" सेलवाल्याची छाती फुगली होती. "उघडून कोणी बघितलं होतं?"

थोड्या वेळाने बाईंनी दुकानाचं शटर स्वतः वर ढकललं, दोन्ही हातांनी. डावा जरा उशिरा पोचला, पण पोचला. क्वार्ट्झचं घड्याळ त्यांनी काउंटरवरच्या खिळ्याला अडकवलं. गिऱ्हाइकांना वेळ बघायला ते उत्तम होतं. मग गळ्यात टेप टाकला आणि दारात घुटमळणाऱ्या मुलाकडे बघितलं.

"काय रे, ही पँट कोणी शिवली? एक पाय लांब, एक आखूड. काढ इथंच, आत पडदा आहे."