दगडांखाली वासुदेवराव

वासुदेवराव फेब्रुवारीच्या शेवटी तीन महिन्यांसाठी ॲमस्टरडॅमला आले आणि ऑगस्ट उजाडला तरी तिथेच होते. मेमधलं परतीचं विमान रद्द झालं, मग जूनमधलंही. शहराच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांचा मुलगा संजीव बेडरूमचं दार लावून ऑफिसचं काम करायचा, सून नीलांबरी जेवणाच्या टेबलावर लोकांच्या वेबसाइट बनवायची, आणि उरलेला सोफा वासुदेवरावांचा. त्यांनी जन्मभर भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम केलं होतं. आल्या आल्या त्यांनी फ्लॅटची प्रत्येक खोली टेप लावून मोजली आणि घरमालकाच्या कागदावर क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटर जास्त दाखवलंय, हे संजीवला चार वेळा ऐकवलं.

जुलैमध्ये नागपूरला त्यांचे धाकटे भाऊ गुरुनाथ कोरोनाने गेले. त्यानंतर ते मोजेनात आणि फारसे बोलेनातही. म्हणून एक दिवस त्यांनी लायब्ररीतल्या पुस्तकातलं एक चित्र दाखवून हे बघायचंय म्हटलं, तेव्हा नीलांबरी लगेच हो म्हणाली. चित्र ड्रेंथ प्रांतातल्या रोल्डे गावचं होतं. तिथे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत. प्रचंड धोंडे उभे करून त्यांवर तसेच धोंडे आडवे टाकलेले. इथले लोक त्यांना हुनेबेड म्हणतात. आणि त्यांना जवळजवळ खेटूनच मध्ययुगातलं विटांचं चर्च. चर्च त्या दिवसांत फक्त शनिवारी, तेही आधी वेळ ठरवून उघडायचं. नीलांबरीने दोन ईमेल आणि एक फोन करून एक वाजताची वेळ मिळवली. संजीवचं ऐनवेळी काम निघालं, त्यामुळे गाडी तिलाच चालवावी लागली.

दोन तासांचा रस्ता तीन तासांचा झाला. बाबांना दोनदा थांबायचं होतं आणि दोन्ही ठिकाणची स्वच्छतागृहं कोरोनामुळे बंद होती. तिसऱ्या ठिकाणी सोय झाली, पण तिथून निघाल्यावर नकाशातला रस्ता लांबचा आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. नीलांबरीने रस्त्यावरची नजर हलवली नाही. निदान बोलतायत तरी, असं तिने पहिला तासभर स्वतःला समजावलं. नंतर समजावणं सोडून दिलं.

एकला पाच मिनिटं असताना ते चर्चच्या दाराशी पोचले. दारात टेबल, टेबलावर सॅनिटायझर, आणि मागे साठी उलटलेल्या एक उंच बाई. त्यांनी आपलं नाव मरायके सांगितलं. चर्चची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी त्या एक होत्या. प्लास्टिकचं आवरण घातलेल्या कागदावरून त्या इंग्रजीत प्रश्न वाचू लागल्या. गेल्या चोवीस तासांत ताप, सर्दी, शिंका, खोकला? हे प्रश्न नीलांबरीला पाठ होते, केस कापायलाही त्यांची उत्तरं द्यावी लागायची. ती नाही म्हणणार, इतक्यात बाबा म्हणाले, "येस. कफ. मॉर्निंग, टू टाइम्स."

मरायकेंनी कागद खाली ठेवला. नीलांबरीने घाईघाईने सांगितलं, की यांना इथल्या गवताची ॲलर्जी आहे, मेपासून असंच चाललंय. मरायके शांतपणे म्हणाल्या की असेलही, पण मला ते कळायला मार्ग नाही. उत्तर हो असेल तर आत सोडता येत नाही. त्यांनी यादीतल्या नावांवर रेघ मारली.

दारातून आतली पांढरी भिंत आणि एका खांबाचा अर्धा भाग दिसत होता. बाबांनी मान वाकडी करून तेवढं पाहून घेतलं, थँक्यू म्हटलं आणि चालायला लागले.

"बाबा, नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" नीलांबरीने त्यांना गाठून विचारलं.

"खोकला आला होता ना सकाळी?"

"तो काय खोकला होता?"

"मग काय होतं?"

यावर बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. पण बाबा स्मशानभूमीच्या कडेने पुढे निघून गेले होते आणि पहिल्या हुनेबेडला टेप लावत होते. महिन्याभरात पहिल्यांदाच टेप त्यांच्या हातात आला होता. ती थोडी मऊ झाली, बाकावर बसली आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. संजीवला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा. पुन्हा वर पाहिलं तर बाबा दिसेनात.

ते दुसऱ्या हुनेबेडच्या आत होते. दोन धोंड्यांच्या फटीतून वाकून शिरले होते आणि आता वाळूवर उताणे पडले होते. वर टनावारी वजनाचा आडवा धोंडा.

"बाबा, बाहेर या."

"येतो. गुडघा धरलाय जरा."

जरा नव्हता. गुडघा वाकत नव्हता आणि बसायला वर जागा नव्हती. नीलांबरीने ओणवं होऊन त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ते वीतभर सरकले आणि कळवळले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने असं बिळात शिरायचं का, तुम्हाला काही झालं तर मी तुमच्या मुलाला काय सांगू, असं ती मोठ्या आवाजात बोलत सुटली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पडल्या पडल्या म्हणाले, "किती जण मावत असतील ते बघत होतो."

"कशाला?"

"पुस्तकात लिहिलंय, इथे अख्ख्या घराला एकाच जागी ठेवायचे. एकामागून एक." ते वरच्या दगडाकडे बघत होते. "गुरूला प्लास्टिकमध्ये बांधून नेला. घरचं एक माणूस नव्हतं. सुनीतीला बिचारीला गेटबाहेर उभं केलं होतं."

सुनीती म्हणजे गुरुनाथरावांच्या पत्नी. हे सगळं नीलांबरीला माहीत होतं. पण बाबांच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिला वाईट वाटलं, आणि तरी राग गेला नाही.

"हे बाहेर बसून सांगितलं असतंत तरी मी ऐकलं असतं, बाबा," ती म्हणाली.

तिचा आवाज चर्चपर्यंत गेला असावा. मरायके आल्या आणि बरोबर दीड मीटरवर थांबल्या. अँब्युलन्स बोलावू का, त्यांनी विचारलं. आतून बाबा 'नो नो' म्हणाले. मरायके एक पाऊल पुढे आल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग त्यांनी गळ्यातला रुमाल नाकावर बांधला, सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि फटीतून आत सरकून बाबांचा पाय दोन्ही हातांनी धरला. पाय हळूहळू सरळ करत त्यांनी नीलांबरीला ओढायला सांगितलं. तिसऱ्या प्रयत्नाला वासुदेवराव बाहेर आले. केसांत वाळू होती, टेप मुठीत होता.

बाबांनी हात जोडले. मरायके मात्र आपल्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. नीलांबरीने सॅनिटायझर पुढे केलं. माझ्या नवऱ्याची फुप्फुसं अधू आहेत, त्या म्हणाल्या. मार्चपासून आमच्या घरात कोणी आलेलं नाही. यांची टेस्ट करून घ्या आणि मला कळवा, तोवर मी माळ्यावर झोपेन. त्यांनी नंबर लिहून दिला. नीलांबरीला मान वर करवेना.

दुसऱ्याच दिवशी ती बाबांना टेस्टला घेऊन गेली. नाकात काडी गेल्यावर ते शिंकले आणि त्याबद्दल त्यांनी तिथल्या मुलीची माफी मागितली. निकाल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्यांनी निकाल आला का, हे इतक्यांदा विचारलं की शेवटी नीलांबरीने आपला फोनच त्यांच्या हातात दिला.

मंगळवारी दुपारी निगेटिव्ह आला. नीलांबरी नंबर लावू लागली, तर मीच बोलणार, असं म्हणून बाबांनी फोन घेतला.

"वासुदेव हियर," ते ओरडून म्हणाले. "अंडर द स्टोन. आय हॅव नथिंग."

पलीकडून काय आलं ते नीलांबरीला ऐकू आलं नाही. बाबा बराच वेळ ऐकत राहिले, मधेच हसले, त्यांच्या मिस्टरांची चौकशी केली, आणि फोन ठेवला.

"येत्या शनिवारी एक वाजता चर्च उघडणारेत आपल्यासाठी," ते म्हणाले. "मी हो म्हणून टाकलंय."

शनिवारी नीलांबरीची एका क्लायंटबरोबर मीटिंग होती. तिने बेडरूमचं दार उघडलं आणि संजीवला सांगितलं की या खेपेला गाडी तू चालवायचीस, आणि रस्ता कुठला ते तुझ्या वडिलांना आधी विचारून घे.