उरलेली प्रकरणं

"...इतक्यात दाराची कडी वाजली!" शालूबाईनं वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"काऊन थांबली वं?" खाटेवरून सासरे खेकसले.

"प्रकरण संपलं, मामाजी."

मलकापूरचे हे रंगराव निवृत्त पटवारी. मोतीबिंदूनं डोळे गेलेले. शिकलेली सून घर बुडवते, असं लग्नापासून टोचत आले आणि आता तिच्याचकडून रोज दुपारी रहस्यकादंबरी वाचून घेत होते. मुलगा स्टेशनवरून आणून द्यायचा. लिखाण अगदीच टाकाऊ. नायिका पाचव्या पानावर एकोणीस वर्षांची, चाळिसाव्या पानावर तेवीस. वारा भयंकर, चांदणं भयंकर, चहासुद्धा भयंकर. "याले पास कोनं केलं?" म्हणून रंगराव हसायचे. पण त्या लबाड लेखकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. प्रकरण संपताना दाराबाहेर कुणीतरी उभं करायचं आणि दार उघडायचं नाही. तेवढ्यावर म्हातारा दुसऱ्या दुपारपर्यंत तळमळायचा.

"मामाजी, माय लय बिमार हाये. संग्रामपूरले जाऊन येतो."

"बारा प्रकरणं राह्यली. पुस्तक संपलं का जा."

तिनं दिवसाला दोन प्रकरणं वाचायला घेतली, तर त्यांनी हात वर केला. "एकच. मले पुरवून ऐकू दे."

एकच प्रकरण उरलं त्या दुपारी तिनं खाटेवरची गोधडी झटकली. खाली कार्ड पडलं. कोपरा फाटलेलं. तिला वाचायची गरजच नव्हती. असलं मयताचं कार्ड कुणी घरात ठेवत नाही, वाचून लगेच फाडून टाकतात. तिनं फक्त तारीख पाहिली. आईचा आज तेरावा होता.

"हे कवा आलं, मामाजी?"

"झाले दहा-बारा दिवस. कोपरा हाताले लागला, समजलं. पन तू गेली असती तं वाचलं कोनं असतं? गेलेलं मानूस का परत येते?" मग म्हणाले, "वाच आता. शेवटचंच हाये."

त्यांचा गळा दाबावा असं तिला वाटलं. तिनं पुस्तक उघडलं आणि स्वच्छ आवाजात वाचलं. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, बोट उचललं, म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे." पुढची दोन पानं तिनं मनातल्या मनात वाचली. मग फाडली आणि चुलीत घातली.

"कोन व्हता वं?"

"भाकर टाकतो, मामाजी."

रंगराव आणखी दोन वर्षं जगले. तिनं त्यांचं जेवणखाण, अंघोळ, काही चुकवलं नाही. रोज दुपारी ते विचारत, कधी दरडावून, पुढेपुढे रडून. ती गोधडी झटकायची, नीट अंथरायची आणि ते कार्ड परत त्यांच्या उशाशी ठेवायची, फाटका कोपरा हाताला लागेल असं.