राजगाडीतलं चार खुर्च्यांचं टेबल

मी टेबल बोलतोय. राजघराण्याच्या खास आगगाडीतलं जेवणाचं टेबल. बोलण्यात जरा तोरा वाटला तर वाटू द्या. राजवाड्यात माझा एक थोरला जातभाई होता. या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा माणूस ओळखू येऊ नये, एवढा लांब. त्याच्यावर म्हणे सोन्याची ताटं मांडायचे. पण त्याला जन्मात जे जमलं नाही, ते मी एका दुपारी करून दाखवलं. तेच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे काय, टेबलाला कुठलं बसणं, उभाच आहे.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यातला. मला घडवणारा सुतार तोंडाने फटकळ आणि हाताने हळवा होता. डबा अरुंद, त्यातून वाढणाऱ्याला ये-जा करायला वाट सोडायची, म्हणून मी लहान झालो. चार खुर्च्या मावतील, बस्स. गाडीच्या धक्क्याने ताटं घसरू नयेत म्हणून त्याने मला चारही बाजूंनी बोटभर उंच कड लावली. कोपरे मात्र गोल केले, कारण कारखान्यातल्या यच्चयावत टोकदार कोपऱ्यांनी त्याच्या कमरेला कधी ना कधी प्रसाद दिला होता.

पॉलिश वाळलं त्या दिवशी त्याची बायको त्याचं जेवण घेऊन आली. त्याने तिला समोर बसवलं आणि राजाच्या आधी माझ्यावर ती दोघं जेवली. जेवताना तिचे गुडघे त्याच्या गुडघ्यांवर आपटले.

"राजेलोकांना गुडघे नसतात वाटतं?" ती म्हणाली.

"असले तर दुमडतील," सुतार म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

जुन्या महाराजांची चाकरी मी पुष्कळ वर्षं केली. माणूस करारी. ते जेवायला बसले की चमच्याचाही आवाज व्हायचा नाही. समोर त्यांचा थोरला मुलगा बसायचा. उंचापुरा, देखणा, पण मान कायम खाली. वडील काही म्हणाले की "हो, बाबा." आणखी काही म्हणाले की पुन्हा "हो, बाबा." त्याच्या तोंडून तिसरा शब्द मी कधी ऐकला नाही. धाकट्याची तऱ्हा उलटी. सूप निवायच्या आत त्याचा आवाज चढायचा आणि तो उठून उभा राहायचा. राजवाड्यात असता तर दार आपटून निघून गेला असता. धावत्या गाडीत जाणार कुठे? मुकाट्याने परत खुर्चीत बसायचा. ही गोष्ट माझ्याइतकीच आणखी एका व्यक्तीने हेरून ठेवली होती, ती म्हणजे त्या दोघांची आई. सगळे त्यांना आईसाहेब म्हणत; मीही तेच म्हणतो.

पुढे धाकट्याने एका शाळामास्तरणीशी लग्न केलं. जुन्या महाराजांनी सुनेचं तोंडही न पाहता फर्मान काढलं की ही बाई राजघराण्याच्या पंगतीला बसणार नाही. धाकट्याने बायकोचा हात धरून त्याच दिवशी राजवाडा सोडला. जाताना भावाला म्हणाला, तुला भाऊ नाही असं समज. थोरला तेव्हाही मान खाली घालून उभा होता. हे मला आमच्या वाढप्याकडून कळलं. त्याला सगळे 'थेंब' म्हणायचे, कारण गाडी कितीही हेलकावली तरी त्याच्या हातून सुपाचा थेंब सांडत नसे. तोंडातून मात्र बरंच सांडायचं.

काही वर्षांनी जुने महाराज वारले. राज्याभिषेक व्हायचा तो जुन्या राजधानीत, गाडीने दीड दिवसाच्या वाटेवर. रिवाज असा, की राजाच्या सख्ख्या भावाने मुकुट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायचा. भाऊ नसता तर गोष्ट निराळी. पण भाऊ असून आला नाही, तर त्याचा अर्थ लोकांनी लावलाच असता. फौजेतले निम्मे अधिकारी धाकट्याला मानणारे होते. त्यांच्यातले काही उतावीळ तर वाटच बघत होते. ठिणगी पडायचा अवकाश. आणि धाकट्याने तर कळवून टाकलं होतं, की तो बायकोला घेऊन कायमचा परदेशी निघालाय.

आईसाहेबांनी त्याला अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, की बंदराची गाडी जंक्शनवर मिळते आणि जंक्शन आमच्या वाटेवरच आहे. तिथपर्यंत तरी आईला सोबत कर. एवढंही नाकारणारा मुलगा तो नव्हता.

गाडी सकाळी सुटली. माझ्या डब्यात थोरले, आईसाहेब आणि दिवाणजी. धाकटा आणि त्याची बायको शेवटच्या डब्यात, ट्रंकांच्या शेजारी. कारण दिवाणजींनी आखलेल्या व्यवस्थेत सुनेला जागाच नव्हती आणि तिला सोडून पुढे यायला धाकटा तयार नव्हता. त्या काळी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायला आतून वाट नसायची. गाडी सुटली, की पुढच्या थांब्यापर्यंत जिथे असाल तिथेच.

पहिल्या थांब्यावर इंजिन पाणी पीत होतं, तेव्हा आईसाहेबांनी थेंबला पिटाळलं आणि धाकट्याला न्याहारीला बोलावून घेतलं. आईचा शब्द मोडवेना म्हणून तो एकटाच आला, भावासमोर बसला आणि मध्ये वर्तमानपत्र उभं केलं. त्याला मीठ हवं होतं. मिठाची वाटी थोरल्यांच्या हाताशी होती. हात लांबवला असता तर मिळाली असती. पण त्याने ते थेंबला सांगितलं, थेंबने आईसाहेबांना विनंती केली, आईसाहेबांनी थोरल्यांकडे पाहिलं, थोरल्यांनी वाटी दिवाणजींकडे सरकवली आणि दिवाणजींनी थेंबकडे दिली. माझ्या एवढ्याशा अंगावरून मीठ देशाटन करून आलं. खाली दोघांचे गुडघे एकमेकांना लागले, तसे दोघांनीही चटका बसल्यासारखे मागे घेतले.

दुपारच्या थांब्यावर आईसाहेबांनी दिवाणजींना सांगितलं, की जंक्शनपर्यंत जरा मागच्या डब्यात बसा आणि तिथल्या ट्रंकांवर लक्ष ठेवा. राज्याचा कारभार हाकणारा माणूस, त्याला सामान राखायला धाडलं! त्यांनी चाचरत शिष्टाचाराचा विषय काढला.

"शिष्टाचार राजवाड्यात, दिवाणजी," आईसाहेब म्हणाल्या. "इथे माणसांनाच जागा पुरत नाही."

दिवाणजी उतरले आणि त्यांच्या जागी बोलावलेली सून वर चढली. साधे सुती कपडे, बाहीला शाईचा डाग. तिला पाहताच थोरले उठले आणि दाराकडे गेले. पण तोवर गाडी हलली होती. दाराबाहेर झाडं पळायला लागली. ते तसेच पाठ करून खिडकीशी उभे राहिले. त्या थांब्यापासून जंक्शनपर्यंत गाडी कुठेही थांबत नाही, हे आईसाहेबांना ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

"बस, सूनबाई," आईसाहेब म्हणाल्या. "इतकी वर्षं उभं राहून पाय दुखले असतील."

धाकटा भावाच्या पाठीकडे बघून काहीतरी खोचक बोलायला लागला. आईसाहेबांनी त्याला हातानेच गप्प केलं. त्याचं बोलणं सगळ्यांनी पुष्कळ ऐकलंय, आज दुसऱ्यांना बोलू दे, म्हणाल्या. त्याने पुन्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

बोलली ती सून. आवाज चढवला नाही, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा तसा स्वच्छ होता.

"महाराज, एक विचारायचं होतं. जहाजावर चढल्यावर विचारता येणार नाही. जुन्या महाराजांचा मला राग नाही, त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. तुम्ही पाहिलं होतंत. आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला आला होतात. कार्यक्रम संपल्यावरही मुलांचे निबंध वाचत बसलात आणि निघताना म्हणालात, या बाई ज्या घरात जातील ते घर नशिबाचं. असं म्हणणारे तुम्ही, फर्मान निघालं तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. का?"

थोरले वळले आणि त्यांनी माझ्या कडेवर हात ठेवला.

"बाबांपुढे मी कधीच काही बोललो नाही," ते म्हणाले. "तुमच्याबद्दलच असं नाही, कशाबद्दलच नाही." मग धाकट्याकडे मान वळवून म्हणाले, "हा भांडायचा ना, तेव्हा मी मनात म्हणायचो, आणखी बोल. माझ्या वाटचंही बोलून टाक."

वर्तमानपत्र खाली आलं. धाकटा भावाकडे असा बघत होता, जणू डब्यात हा माणूस आत्ताच चढलाय.

"मग हे मला तेव्हा सांगायचंस की."

"कुठे सांगणार? तू दार आपटून गेलास की तुला शोधण्यात अर्धा दिवस जायचा. मी येईपर्यंत तू घोडा काढून पसार."

"म्हणून म्हटलं गाडीनेच जाऊ," आईसाहेब पावाला लोणी लावत म्हणाल्या. "शंभर खोल्यांच्या घरात रुसलेलं माणूस सापडत नाही."

थोरले खुर्चीत बसले. सुनेला म्हणाले, की तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर होत नाही, हे मला कळतंय.

"नाही होत," ती म्हणाली. "पण पाठ केलेलं नाही. अर्धे गुण."

आधी धाकटा हसला. मग थोरले हसले, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खाली पुन्हा गुडघ्याला गुडघा लागला. या वेळी कुणीच मागे घेतला नाही.

पुढे जंक्शनपर्यंत ते काय काय बोलले ते सगळं मी सांगणार नाही. घरातली बोलणी आहेत ती. एकदा आवाज चढला, एकदा सुनेने डोळे पुसले, आणि थेंबने आयुष्यात पहिल्यांदा सूप सांडलं. माझ्या कडेने ते अडवलं.

जंक्शन आलं. बंदराची गाडी समोरच्या फलाटावर शिट्टीच्या तयारीत उभी. दिवाणजी धापा टाकत डब्यात चढले. हमालांनी ट्रंका तिकडे चढवल्यात, धाकट्या सरकारांनी आता उतरावं, म्हणाले. धाकटा जागचा हलला नाही. थोरल्यांनी दिवाणजींना विचारलं, की राज्याभिषेकाला सूनबाईंची जागा कुठे धरली होती.

दिवाणजी म्हणाले, जागा धरलेलीच नाही. अगदीच थांबल्या तर वरच्या सज्जात, पाहुण्यांच्या मागे बसवता येईल.

"त्या आईसाहेबांच्या शेजारी बसतील."

"पण जुन्या महाराजांचं फर्मान..."

"नाही, दिवाणजी."

माझ्यासमोर कितीतरी वर्षं बसलेला तो माणूस. त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मोठ्याने म्हटला नव्हता. पण दिवाणजींनी मान लववली आणि ते पायऱ्या उतरले.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, जहाजं काय, पुढेही सुटतील. मग तो माझ्यावर कोपर टेकून म्हणाला,

"दादा, मुकुट फार जड असतो का रे?"

'महाराज' नव्हे, दादा. आईसाहेबांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"उचलून बघ," थोरले म्हणाले.

बंदराची गाडी शिट्टी देऊन निघून गेली. तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं, की ट्रंका तिच्यातच राहिल्या. नवराबायकोचे अंगावरचे कपडे सोडले तर सगळं बंदराला रवाना झालं होतं. शेवटी धाकट्याने मुकुट उचलला तो थोरल्यांच्या कोटात. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. सुनेच्या खांद्यावर आईसाहेबांची शाल. हे सगळं मला डोळ्यांनी दिसलं नाही, पण परतीच्या वाटेवर त्याचं छायाचित्र माझ्यावरच पसरून चौघं पोट धरधरून हसत होती. फौजेतल्या उतावीळ मंडळींनीही म्हणे ते छायाचित्र पाहिलं. ज्याने भावाच्या कोटात भावाला मुकुट घातला, त्याच्या नावाने बंड कसं करायचं? बंदुका जिथल्या तिथे राहिल्या.

माझा ऊर भरून येतो तो यासाठी. सोन्याची ताटं माझ्या नशिबी नव्हती, त्याचं मला काही वाटत नाही.

त्यानंतर भांडणं संपली असं समजू नका. उलट वाढली. आता थोरलेही भांडायचे ना! दरवर्षी एकदा तरी सगळी मंडळी मुद्दाम गाडीने जायची. मुलं झाली, ती मांडीवर बसून माझ्यावर चमचे आपटायची. आईसाहेब थकल्या, त्यांची खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवर सूनबाई बसायला लागली, आणि तिला बस म्हणावं लागलं नाही. कालांतराने राजेपणही गेलं. गोळी न सुटता, मतं मोजून गेलं. थोरल्यांनी शेवटच्या प्रवासात माझ्यावर हात फिरवला आणि टोपी घालून साध्या माणसासारखे उतरून गेले. मला त्यांचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा मुकुट घालून आले तेव्हाही वाटला नव्हता.

आता आमचा डबा संग्रहालयात उभा आहे. माझ्याभोवती मखमली दोरी आहे. माझ्यावर चिनी मातीच्या चार बशा चिकटवून टाकल्यात, कुणी उचलू नयेत म्हणून. रोज एक बाई येऊन हळुवार हाताने धूळ पुसते. लोक येतात, बघतात, पुढे जातात. तक्रार नाही, मान मोठा आहे.

पण बाबांनो, टेबलाची भूक मानाने भागत नाही. तुमच्यातल्या कुणाच्या घरी दोन माणसं एकमेकांशी बोलत नसतील, तर एवढं करा. अर्ज करा, वशिला लावा, काय हवं ते करा, पण मला इथून घरी न्या. त्या दोघांना समोरासमोर बसवा. मीठ एकाच्याच हाताशी ठेवा.

बाकीचं मी बघून घेतो.