बॅटरी आहे तोवर

दाक्षायणीची जीभ डॉक्टरांनी कापून काढली आणि शिवानंदच्या घरातला आवाजच गेला. आता तुम्ही म्हणाल, एका बाईचा असा आवाज असून असून किती असणार? तर तुम्ही दाक्षायणीला ऐकलेलं नाही. भाजीवाली गल्लीच्या तोंडाशी असायची तेव्हाच हिचा घरात बसून भाव ठरलेला असायचा. नवऱ्याशी कानडीत भांडायची, शेजारणींशी मराठीत आणि देवाशी दोन्हीत. मूलबाळ नव्हतं, म्हणून घरात तिच्या तावडीत सापडायचा तो शिवानंद एकटाच. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर होता. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कान निम्मे गेलेले. "माझं अर्धं बोलणं फुकट जातंय बघा या माणसापायी," असं ती येईल त्याला सांगायची.

तंबाखूच्या मिश्रीनं घात केला. जिभेच्या कडेला चट्टा उठला, तो तिनं हळद लावून महिनोन्‌महिने अंगावर काढला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन बसलं होतं.

ऑपरेशनच्या आधी तिचा आवाज साठवून ठेवायची कल्पना अतीकची. तिशीतला अतीक याच गल्लीत वाढलेला, दाक्षायणीच्या हातची धपाटी खाऊन. आता त्याचं बेगमपेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शिवानंदनं कारखान्याच्या हपिसातून मोडीत निघालेला एक लॅपटॉप घरी आणलेला होता. अतीकनं त्यात एक प्रोग्रॅम टाकला. पडद्यावर चित्रांचे चौकोन. चौकोन दाबला की त्यातलं वाक्य दाक्षायणीच्या आवाजात वाजणार. मग तिला समोर बसवून त्यानं वाक्यं भरून घेतली. पाणी द्या. दुखालंय. पंखा लावा. एवढ्यावर ती थांबते होय! "लुंगी बदला की, किती दिवस तीच?" हे तिनं आपणहून भरलं. "जेवलाव का?" हेही. आणि अर्थात "री".

री म्हणजे कानडीतलं अहो. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा दाक्षायणीनं लाजत लाजत नवऱ्याचं नाव घेतलं, तेवढंच. त्यानंतर जन्मभर री. दवाखान्यात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ही शेजारच्या बाईला कोपरानं ढोसायची, "तुमी सांगा की."

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवली. त्या नळीत कफ दाटायचा. दाटला की मशीननं ओढून काढायचा, आणि लाईट नसेल तर पायानं दाबायच्या पंपानं. उशीर करून चालायचं नाही. शिवानंदनं नोकरी सोडली आणि हे सगळं शिकून घेतलं. पुढच्या खोलीत तिची कॉट, मांडीवर लॅपटॉप, आणि मागं मोरीत किंवा चुलीशी तो. काही लागलं की ती चौकोन दाबायची, "री!" म्हणून तिचा तोच जुना खणखणीत आवाज यायचा आणि हा धावायचा.

पण लॅपटॉप म्हातारा. चार्जर काढला की अर्ध्या तासात मान टाकायचा. आणि त्या भागातली लाईट दर सोमवारी दुपारी तीनला जायची ती संध्याकाळी पाचला यायची.

"नवी बॅटरी टाक की," शिवानंद अतीकला म्हणाला.

"अण्णा, हे मॉडेलच बंद झालंय. डुप्लिकेट मिळती, ती महिन्यात फुगती. त्यापेक्षा ऐका. मशीन थकलंय, त्याला विंडोजचं ओझं झेपंना. मी लिनक्स टाकतो. हलकं असतंय. ह्याच बॅटरीवर तीन-तीन तास काढंल."

"मग टाक की."

अतीकनं मान खाजवली. "एक गोष्ट हाय. काकूंचा आवाज त्या जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात अडकलाय. लई खटपट केली, बाहेर निघंना. नव्यात काकूंनी टाईप करायचं, मग मशीन स्वतःच्या आवाजात वाचून दाखवंल."

ते त्यानं ऐकवलं. पुरुषाचा, सपाट आवाज. स्टेशनवर गाडी उशिरा आहे हे सांगताना असतो तसा, ना दुःख ना लाज. "असला आवाज माझ्या घरात नको," शिवानंद म्हणाला. अतीकनं मग दोन्ही ठेवलं. लॅपटॉप चालू करताना विचारायचा, जुनं की नवं?

शिवानंद रोज जुनंच निवडायचा. दाक्षायणी बोटानं खालची, नव्याची ओळ दाखवायची, हा बघूनही न बघितल्यासारखं करायचा. शेवटी तिनं पाटीवर लिहिलं, "त्या ठरलेल्या वाक्यांत किती दिवस कोंडून ठेवणार मला?" तिला भाजीवालीला झापायचं होतं, शेजारच्या सुनेला डोहाळे विचारायचे होते. पंखा लावा न्‌ पाणी द्या, एवढ्यानं तिचं भागणार होतं का?

"र्‍हाऊ दे गं," तो म्हणायचा. "तुझाच आवाज बरा वाटतो."

बरा वाटतो म्हणजे काय, तर तिला झोप लागली की तो हळूच लॅपटॉप जवळ ओढायचा आणि चौकोन दाबायचा. "जेवलाव का?" तो आवाज विचारायचा. "जेवलो की," हा सांगायचा. आता याला काय म्हणावं! जितीजागती बायको शेजारी पडलेली, आणि हा माणूस तिच्या जुन्या आवाजाशी बोलत बसायचा.

एका सोमवारी व्हायचं तेच झालं. लाईट नव्हती, बॅटरी संपली, पडदा काळा. त्याच वेळी नळीत कफ अडकला. तिनं कॉटच्या दांडीवर बांगड्या आपटल्या, पण हातात जोर कुठला? शिवानंद सहज पाण्याचा तांब्या घेऊन आला म्हणून वाचली. ओठ निळे पडले होते. त्यानं पायानं पंप दाबला, कफ निघाला, तिनं श्वास घेतला आणि मग डोळे वटारून लॅपटॉपकडं बोट केलं. त्या दिवसापासून शिवानंदनं नवं लावायला सुरुवात केली.

आणि काय सांगू, बाईला जीभ फुटली! दिवसभर टाईप. "मेथी कडू निघाली होती, पुढच्या वेळी आण मग बघते तुला," हे त्या स्टेशनवाल्या आवाजात खिडकीतून ऐकून भाजीवाली दोन पावलं मागं सरली. दूधवाल्याला वाटलं, घरात कुणी साहेब उतरलाय. शिवानंद सुरुवातीला तोंड फिरवायचा. मग एका दुपारी ती बराच वेळ टाईप करत राहिली आणि मशीन म्हणालं, "मूल झालं नाही म्हणून तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत. तुमची आई बोलली, सगळे बोलले. मी हे मनात ठेवलंय. तोंडानं सांगायला जमलं नसतं." शिवानंद मागं मोरीत गेला, नळ सोडला आणि धुतलेल्या नळ्या पुन्हा धूत उभा राहिला. त्या आवाजावरचा राग तेव्हाच गेला.

हाक मारायचा मात्र घोळ होता. अतीकनं एक कळ करून दिली. एकदा दाबली की मशीन पुन्हा पुन्हा हाक मारत राहणार, परत दाबेपर्यंत. हाक अर्थातच री. पण दाक्षायणीचा री वेगळा आणि मशीनचा वेगळा. मशीनचा री इवलासा, तोंडातून बाहेर पडेपर्यंत संपणारा. मोरीपर्यंत तो पोचायचाच नाही, त्यात शिवानंदचे कान तसले. एकदा ती कितीतरी वेळ री-री करवत बसली आणि हा निवांत तांदूळ निवडत होता. आत आला तेव्हा मशीननं त्याला ठसक्यात ऐकवलं, "बहिरा."

"उद्यापास्नं जवळच बसतो की," तो ओशाळून म्हणाला. पण भात कोण शिजवणार, कपडे कोण धुणार?

पुढचा सोमवार. लाईट तीनलाच गेलेली, गल्लीतले माग बंद, कामगार बाहेर कट्ट्यावर आलेले, एकमेकांना हाका मारत. ऊन फार म्हणून शिवानंदनं तिच्या खोलीची खिडकी लावून घेतली. तिला पेज भरवली, बॅटरी बघितली, भरपूर होती. मग तो मोरीत कपडे धुवायला बसला.

थोड्या वेळानं त्याला ऐकू आलं, "शिवानंद."

पुरुषाचा आवाज, पुढच्या बाजूनं, कट्ट्यावरच्या गलक्यात अर्धामुर्धा. हा महादेवप्पा असणार. कारखान्यातला जुना सोबती, येतो येतो म्हणून कितीदा सांगितलेलं. "शिवानंद," पुन्हा आवाज आला. "शिवानंद."

"आलो, आलो!" म्हणत त्यानं हात लुंगीला पुसले आणि घराच्या कडेच्या बोळातून थेट गल्लीत आला. घरातून जायचं त्याच्या मनातही आलं नाही, झोपली असेल तर कशाला उठवा. गल्लीत महादेवप्पा नव्हता. या माणसाला गाडी नेहमी कोपऱ्यावर लावायची खोड, म्हणून हा कोपऱ्यापर्यंत गेला. तिथं कट्ट्यावरच्या माणसांना विचारलं, "महादेवप्पा आलता का हिकडं?" कुणी बघितलं नव्हतं. "मला हाक मारली की आत्ता!" "ऊन लागलं व्हय अण्णा?" कुणीतरी हसलं, हाही हसला. महादेवप्पाला गंमत करायची सवय, लपला असेल, म्हणून त्यानं पानटपरीच्या मागंही बघितलं.

परत येताना तो पुढच्या दारानं आला. दार ढकललं आणि आतून आवाज आला, "शिवानंद."

दाक्षायणी उशीवरून कलंडलेली होती. मांडीवर लॅपटॉप, कळीशेजारी बोट. "शिवानंद," मशीन म्हणालं. त्यानं पंप ओढला, नळी घातली, पायानं दाबत राहिला, दाबत राहिला, "दाक्षू, ए दाक्षू" म्हणत दाबत राहिला. कफ निघाला. श्वास काही आला नाही.

त्याच्या ओरडण्यानं गल्ली गोळा झाली. शेजारची राजाबाई आली, तिनं दाक्षायणीचे डोळे मिटले. कुणीतरी अतीकला फोन केला, तो दुकान टाकून आला. तोवर लॅपटॉप कुणीतरी फळीवर ठेवला होता आणि तो बोलतच होता. कसा थांबवायचा ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शिवानंद त्याला हात लावू देत नव्हता.

"हे... हे नाव कुणी घातलं यात?" त्यानं अतीकला विचारलं.

अतीक दारातच खाली बसला. "काकूंनी सांगितलं, अण्णा. परवा तुमी औषधाला गेला होताव तवा. री ऐकू जात नाही म्हणाल्या. नाव घाल म्हणाल्या. मी घेत नाही, मशीन घेतंय, त्याला काय पाप लागतंय, असं म्हणून तोंड झाकून हसल्या. मी म्हटलं, अण्णांना सांगतो. तर, नको, लाज वाटते, त्यांनाच कळू दे, म्हणाल्या. मी सांगायला पायजे होतं."

"शिवानंद," मशीन म्हणालं.

अतीक उठला, डोळे पुसत कळीकडं हात नेला. "बंद करतो, अण्णा."

"नको." शिवानंदनं त्याचा हात धरला. "मला वाटलं महादेवप्पा. माझी बायको मला हाक मारत हुती आणि मी महादेवप्पाला हुडकत फिरलो. आरं, या घरात मला नावानं कोण हाक मारणार, असं वाटलं." तो कॉटच्या कडेला बसला, तिचा गार हात हातात घेतला. "शिवानंद," मशीन म्हणालं.

"ओ," तो म्हणाला.

राजाबाईनं तोंडाला पदर लावला. "शिवानंद." "ओ. आलो गं." "शिवानंद." "ओ. हितंच हाय."

संध्याकाळी लाईट आली. पंखा फिरू लागला, गल्लीतले माग सुरू झाले. अतीकला काय करावं सुचेना, सवयीनं त्यानं चार्जर उचलला आणि शिवानंदकडं बघितलं.

"नको लावू," शिवानंद म्हणाला. "दमली असंल ती."

अतीकनं चार्जर खाली ठेवला. आवाज त्यानंतरही बराच वेळ चालला, बॅटरी चांगली टिकत होती, आणि शिवानंद प्रत्येक हाकेला ओ देत राहिला.