प्याल्यात उरलेली चकती

फादर बावतीस यांनी बाबुरावच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि ते स्वतःच दाराशी उभे राहिले. चर्चची देखभाल करणाऱ्या बाबुरावची वाचा बसली. गेल्या वर्षी सुरतेत प्लेग आला, तेव्हाही ती बसली नव्हती.

उधन्याच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये रविवारची मराठी मिस्सा, म्हणजे उपासना, यंत्रमागावर राबणाऱ्या लूमवाल्यांची. रीत अशी, की ज्याला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असेल त्याने आत येताना डब्यातली प्रसादाच्या भाकरीची एक पातळ पांढरी चकती चिमट्याने उचलून प्याल्यात ठेवायची. जितकी माणसे, तितक्या चकत्या. पण नाताळपासून दर रविवारी एक उरत होती, आणि ती फादरांनाच घ्यावी लागे. उधन्यात एक देवदूत राहतो, त्याचे रेशनकार्ड अजून झालेले नाही, त्याची ती चकती, असे बाबुराव शपथेवर सांगे.

फादरांचा संशय सरलाबाईवर होता. तिचा पहिला नवरा तिला आणि स्वतःच्या आईला लिंबायतच्या खोलीत टाकून जालन्याकडे गेला, तो गेलाच. सात वर्षांनी तिने पांडेसऱ्याच्या आनंदाशी कोर्टात लग्न केले. पहिले लग्न रद्द ठरवावे म्हणून बडोद्याला बिशपांच्या कचेरीत अर्ज गेला होता, उत्तर नव्हते. तोवर तिला ख्रिस्तप्रसाद बंद. चहाच्या टपरीवर यावरून दोन तट पडले होते. नवरा पळाला तर बाईने काय लूमशी संसार करायचा, असे एक म्हणत. वेदीपुढची शपथ ती शपथ, असे दुसरे. आणि अशा लग्नवाल्यांना ख्रिस्तप्रसाद नाहीच, असे रोमहून पत्र आल्यापासून या दुसऱ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढले होते.

सरलाबाईकडे चर्चचे एकच काम उरले होते. वेदीवरची कापडे धुऊन, इस्त्री करून आणायची. चकती तिची निघाली तर तेही काम काढून घेईन, असे फादरांनी शनिवारी तिला सांगितले होते.

"मी डब्याकडे बघतसुद्धा नाही, फादर," ती म्हणाली होती, आणि हातातल्या कापडाची सपाट घडी पुन्हा सपाट करत राहिली होती.

आज ती कापडे छातीशी धरून आली. दाराशी चकत्यांचा डबा ठेवलेल्या टेबलाशी थांबली नाही. कापडे बाबुरावकडे दिली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

मागोमाग तिची आधीची सासू धुरपदाबाई आली. कोर्टातल्या लग्नाच्या दिवशी या म्हातारीने सुनेला असे शिव्याशाप दिले, की तीन गल्ल्यांतले लूम आपोआप थांबले. ही बाबुरावची गोष्ट. प्लेगात लिंबायत ओस पडले, म्हातारी तापाने फणफणत होती, आणि आठ दिवस तिच्या दाराशी कोणीतरी पेजेचा डबा ठेवून जात होते, हे मात्र बाबुरावही सांगत नसे.

धुरपदाबाईने फादरांच्या हातातला चिमटा घेऊन एक चकती प्याल्यात ठेवली. मग दुसरी उचलली.

"दोन कशाला, आजी?"

"एक माझी, एक सुनेची."

मागची माणसे थबकली.

"सरला आता तुमची सून नाही," फादर हळूच म्हणाले.

"मंग माझ्या पोराचं लगीन मोडलं म्हना."

"ते मोडत नसतं."

"मंग सूनच हाय की."

फादरांनी डब्याकडे बोट केले.

"तिला घेता येत नाही. एकच ठेवा."

म्हातारीने दुसरी चकती डब्यात परत टाकली, प्याल्यातल्या आपल्या चकतीकडे क्षणभर पाहिले आणि ती आत गेली.

फादरांनी चकत्या स्वतः मोजल्या. अडतीस. ठेवणारेही अडतीसच. दोनदा मोजल्या.

ख्रिस्तप्रसादाची रांग लागली, सरकली, संपली. फादरांनी प्याल्यात पाहिले. तळाशी एक होती.

त्यांनी मान वर केली. शेवटच्या बाकावर सरलाबाई बसली होती, आणि तिच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, धुरपदाबाई. ती रांगेत आलीच नव्हती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

शेजारी ताटली धरून उभ्या असलेल्या बाबुरावने देवदूताचे नाव काढले नाही.

फादरांनी ती चकती उचलली. ती त्यांनीच घ्यायची होती, नियम तसा होता. पण बराच वेळ ती त्यांच्या बोटांतच राहिली.