रशीदभाईंची चार मिनिटं

ती सीडी मी पुसणार होते. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

२००६ सालची गोष्ट. मिरकरवाड्याच्या रस्त्याला, बर्फाच्या कारखान्याशेजारी माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. टायपिंग, झेरॉक्स, नेट, सीडी भरून देणं, काय म्हणाल ते. माझं तोंड कसं चालतं ते अख्ख्या बंदरावर ठाऊक. लोक म्हणायचे, नंदाकडे काम चोख, वर बोलणी फुकट.

एका दुपारी हफीजाभाभी सीडी घेऊन आल्या. त्यांचे मालक रशीदभाई पंचवीस वर्षं कुवेतला. दहा दिवसांपूर्वी तिथल्या इस्पितळात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं. कॅन्सर. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. म्हणजे आता जन्मात बोलणं नाही.

"शेवटच्या फोनवर मी भांडले गो त्यांच्याशी," भाभी म्हणाल्या. "घरावर कौलं घालाची की पत्रे, त्यावरून. रागानं फोन आपटला. गळ्याचं मला बोललेच नाय. तोच शेवटचा आवाज ऐकला मी."

"जुन्या कॅसेटी असतील की घरात."

"कुठच्या असणार? एकच कॅसेट जायची नि यायची."

फोन महाग होते तेव्हा आखातातल्या माणसांच्या घरी तशीच रीत होती. पत्रं कोण लिहितंय? रशीदभाई कॅसेटवर बोलायचे, येणाऱ्याबरोबर पाठवायचे. घरी सगळे ऐकायचे आणि त्याच कॅसेटवर, त्यांच्या बोलण्याच्या वरूनच, आपलं उत्तर भरून परत धाडायचे. पंचवीस वर्षं माणूस बोलला आणि बायकोच्या हातात त्यातला एक शब्द नाही!

"आता ही सीडी आली, मंडणगडच्या एका माणसाबरोबर," भाभी म्हणाल्या. "घरच्या प्लेअरात घातली, काय लागत नाय. कोरी हाय. पूर्वी आमचं उत्तर भराला कॅसेट यायची ना, तशी पाठवली असंल. म्हंजे माझं बोलणं मागतात. तू भर माझा आवाज यात. मला माफी मागाची हाय."

मी सीडी घातली. पुन्हापुन्हा भरता येते ती जात. भरण्याआधी पुसून घ्यायची, ही माझी सवय. 'पुसू का?' असं कॉम्प्युटरने विचारलं, माझं बोट माऊसवर, आणि कोपऱ्यात दिसलं, पावणेचारशे केबी.

कोऱ्या सीडीत पावणेचारशे केबी आले कुठून?

उघडून बघितली तर आत एकच फाइल. नाव म्हणून नुसते आकडे, शेवटी एएमआर. तेव्हाच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं की अशी फाइल व्हायची, आणि घरच्या प्लेअरला एमपीथ्रीशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही.

"भाभी, कोरी नाही ही. यात कोणीतरी बोललंय."

त्यांनी खुर्चीचा हात गच्च धरला.

आणि मी अतिशहाणी! फाइलचं शेपूट खोडून तिथे एमपीथ्री लिहिलं, दुसऱ्या सीडीवर घेतली आणि दुकानातल्या प्लेअरला लावली. आता नाव दिसलं, पण आवाज नाही. भाभींचा चेहरा असा उतरला की माझी मलाच लाज वाटली. नुसतं नाव बदलून काय होतंय? आतून बदलायला हवं होतं. मग ते काम करणारं सॉफ्टवेअर नेटवरून उतरवायला घेतलं. तेव्हाचं नेट ते! दोनदा तुटलं. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या.

"बदलताना काय सांडणार नाय ना गो?"

"नाही."

"आणि जुना पुसला जाणार?"

"जुना तसाच राहतो, भाभी. त्याच्या शेजारी नवा तयार होतो."

"म्हंजे ऐकला तरी राहतो? माझं उत्तर भरलं तरी?"

"हजारदा ऐका. राहतो."

"या अल्ला," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. दिवसाला वीस वेळा मी हे काम करत होते, गाण्यांसाठी, रिंगटोनसाठी. आपण काय करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी आपोआप चपला काढून बाजूला ठेवल्या.

हिरवी पट्टी शेवटाला गेली. मी बटण दाबलं.

"अस्सलामु अलैकुम. हफीजा, आवाज येतो का?"

"येतो, येतो!" भाभी स्पीकरवर ओणवल्या.

"परवा डाक्टर गळा कापणार. मग बोलाचा जमणार नाय. तुझंच बरोबर, कौलंच घाल. पत्र्यावर पाऊस वाजतो, मला झोप नाय लागाची." मग खोकला. मग बराच वेळ नुसता श्वास. "घरी आलो की मी गप्प दिसेन. तुला वाटेल, रागावलेत. रागावलो नाय गो. तेवढं ध्यानात ठेव."

चार मिनिटं. भाभींनी ती सहा वेळा ऐकली. सहाव्यांदाही तो खोकला तिथंच, तो श्वास तेवढाच. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक झेरॉक्सला आलं, त्याला मी हाकलून दिलं.

दोन महिन्यांनी दोघं दुकानात आले. रशीदभाई वाळलेले, गळ्याभोवती पांढरा रुमाल. मुंबईला दिलेल्या समरीनसाठी, त्यांच्या मुलीसाठी, आणखी एक सीडी हवी होती. ती भरली आणि नीट वाजते का बघायला मी लावली.

रशीदभाईंनी मान वर केली. घरी रोज ऐकून त्यांना पाठ झालं असणार. स्पीकरमधल्या एकेका शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलू लागले, अगदी बरोबर, खोकल्यासकट. माझ्यासमोर तो माणूस बोलत होता!

भाभी स्पीकरकडे बघतही नव्हत्या. रशीदभाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. मध्येच भाभींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "घाई कसली हाय?"